एक गाडी शेण

वायमंड शिडीच्या सतराव्या पायरीवर थांबला. गेली दोन वर्षं तो नेमाने तिथेच थांबत होता. सुरुवातीला कमरेची थापी चाचपण्याचं सोंग तरी करायचा. आता सोंगाचाही कंटाळा आला होता. मागून चढणारे गवंडी निमूटपणे खोळंबायचे, एखादा तरणा हळूच म्हणायचा की वायमंडबाबा, आज वर पोचेपर्यंत जेवणाची वेळ होईल ना? वायमंड त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसे. गुडघे शांत झाले की पुढची पायरी धरायचा.

साठी उलटून गेली होती. विशीत या कॅथेड्रलच्या कामावर लागला तेव्हाच ते काम म्हातारं होतं. त्याच्या आजाच्या आधी सुरू झालेलं, आणि त्याच्यामागेही चालू राहणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. तरुणपणी या विचाराने त्याची छाती फुगायची. आपण एवढ्या थोर कामातले, वगैरे. हल्ली त्याच विचाराने त्याला नुसतं आडवं व्हावंसं वाटायचं. चाळीस वर्षं माणूस धोंड्यावर धोंडा ठेवतो आणि मान वर करून पाहतो तर आभाळ तेवढंच लांब, याला काय म्हणायचं?

पण आता तीनच आठवडे उरले होते. सप्टेंबरअखेरच्या संत मायकेलच्या सणाला मधल्या मनोऱ्यात मोठी घंटा चढायची होती. दरवर्षीप्रमाणे त्या सणानंतर भिंतींचं काम बंद होणार, कारण थंडीत चुना धरत नाही. गवंडी आपापल्या गावी जाणार, आणि वायमंड व त्याची बायको हवीसा मठाच्या आश्रयगृहात राहायला जाणार. दोघांना मिळून एक रुंद खाट, तीही मुदपाकखान्याच्या भिंतीला लागून, म्हणजे हिवाळ्यात पाठ शेकलेली. रोज दोन पाव, एक सुरई बार्लीची दारू, शुक्रवारी हेरिंग मासा. बदल्यात एवढंच, की सकाळच्या प्रार्थनेला आश्रितांच्या बाकावर जाऊन बसायचं आणि ज्या बिशपने हे सगळं लावून दिलं त्याच्या आत्म्यासाठी दोन शब्द पुटपुटायचे.

ही जागा मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं मठाचे उंबरे झिजवायचे. वायमंडसाठी थर्स्टन मिस्त्रीने शब्द टाकला होता. थर्स्टन सगळ्या बांधकामाचा मुख्य. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, एक मिस्त्री झाला, एक गवंडीच राहिला. वायमंडला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. मिस्त्रीने जुनी ओळख ठेवली याचंच त्याला अप्रूप वाटलं, आणि चार लोकांना त्याने ते सांगितलंही.

दुपारी हवीसा जेवण घेऊन आली. पाव, चीज आणि कांदा. आज तिचा चेहरा खुललेला होता. कंबर धरल्यापासून तो फारसा खुलत नसे.

"बाकडं बघून आले," ती बसता बसता म्हणाली.

"कसलं बाकडं?"

"आपलं. रोज बसायचं ते. म्हातारी गोडलीवा बसली होती, ती म्हणाली, ये गं, बसून बघ. बसले. मागं चांगला रुंद खांब आहे, पाठ टेकता येते. अरे, इतकं बरं वाटलं. एवढी वर्षं तू खांब बांधलेस, आज पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडला."

वायमंडने विचारलं, कुठला खांब?

"मला काय ठाऊक तुमच्या खांबांची नावं. उत्तरेच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताचा. मनोऱ्याखालचा."

वायमंडने चीजचा तुकडा परत फडक्यात ठेवला. हवीसाने विचारलं, दात दुखतोय का. तो हो म्हणाला.

मनोरा चार खांबांवर उभा होता. उजव्या हाताचा, म्हणजे वायव्येचा. बाकीच्या तिघांबद्दल वायमंडला कसलीही काळजी नव्हती. या चौथ्याला, तीन पुरुष उंचीवर, एक चीर होती. केसाएवढी. ईस्टरच्या सुमारास परांचीवरून जळमटं काढताना त्याला ती दिसली, आणि चीर कुठल्या थराला पडली आहे हे त्याला न मोजता कळलं. त्याने चिरेवर अंगठ्याएवढा चुन्याचा ठिपका लावला. खांब स्वस्थ असेल तर ठिपका तसाच राहतो. हलत असेल तर फुटतो. पहिला ठिपका पन्नास दिवसांत फुटला. दुसरा जूनमधल्या संत जॉनच्या सणापर्यंत टिकला. तिसरा सुगीत फुटला, तेव्हा त्याने चौथा लावला. त्याने कुणाजवळ ब्र काढला नव्हता.

काढणार कसा? तो थर त्यानेच बांधला होता. चौतीस वर्षांपूर्वी.

त्या वर्षी मायकेलच्या सणाला चारही खांब तेवढ्याच उंचीवर येऊन थांबले होते. हिवाळ्यासाठी अर्धवट बांधकामाचं डोकं झाकावं लागतं. वर गवताचा जाड थर, त्यावर शेणाचा लेप. ते केलं नाही तर ओला चुना गोठतो आणि वसंतात त्याचं पीठ होतं. झाकण्याची जबाबदारी त्या वर्षी वायमंडवर होती. गुरांवर रोग येऊन गेला होता, शेण सोन्याच्या भावाने मागितलं जात होतं, तरी मठाने चार खांबांसाठी चार गाड्या कशाबशा दिल्या. आणि वायमंड तेव्हा हवीसासाठी वेडा झाला होता.

हवीसाचा बाप ऑस्मर गावकुसाला लागून कांदे-भाजीचा मळा करायचा. चुन्याने हात भाजलेल्या माणसाला मुलगी देणार नाही, असं त्याने चार लोकांत सांगून वायमंडचं नाक कापलं होतं. त्याच्या वाफ्यांनाही त्या वर्षी शेण मिळेना. वायमंडने चौथी गाडी खांबाकडे न नेता ऑस्मरच्या मळ्याकडे वळवली. अंधारात नव्हे, चोरूनही नव्हे, भर दुपारी. शेणाच्या गाडीकडे कोण निरखून बघतो? वायव्येच्या खांबावर त्याने नुसतं गवत टाकलं आणि उडू नये म्हणून वर धोंडे ठेवले. जानेवारीतल्या वाऱ्याने ते गवत नदीपलीकडे नेऊन टाकलं.

वसंतात पाहिलं तर वरच्या दोन थरांमधला चुना बोटाने उकरून निघत होता. अशा वेळी काय करायचं हे अडाणी बिगाऱ्यालाही माहीत असतं. वरचे थर उचलायचे, खाली घट्ट चुना लागेपर्यंत जायचं आणि पुन्हा बांधायचं. आठवड्याचं काम. पण थर उचलले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, इथलं शेण कुठे गेलं? वायमंडने बाहेरचे सांधे दोन बोटं खोल खरवडले, ताजा चुना भरला आणि वर बांधत गेला. त्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. दोन मुलं झाली, एक जगलं नाही, मुलगी दूर देऊन टाकली. या सगळ्या काळात त्या सांध्यावर एकेक धोंडा चढत होता. आता घंटा चढणार होती, आणि हवीसा त्याच खांबाला पाठ टेकून बसणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा परांचीवर गेला. चौथा ठिपकाही फुटला होता. या वेळी, का कोण जाणे, त्याने खांबाला वळसा घालून उत्तरेची बाजू पाहायचं ठरवलं. तिकडची फळी अरुंद होती, गुडघ्यांमुळे तो एरवी तिकडे जात नसे. भिंतीला पोट घासत गेला आणि थबकला.

चीर इकडेही होती. आणि तिच्यावर एक कालवाचा शिंपला आडवा चिकटवलेला होता. मधोमध तडकलेला. त्याच्या खाली आणखी एक, जुना, धुळीने काळा झालेला, त्याचेही दोन तुकडे. सर्वांत खाली तिसऱ्याची नुसती खूण उरली होती. चिकटवलेला चुना गुलाबी होता.

चुन्यात विटांची पूड घालणारा माणूस त्या कामावर एकच होता.

वायमंडने शिंपल्याचा सुटलेला तुकडा काढून खिशात टाकला आणि खाली उतरला. उतरताना तो सतराव्या पायरीवर थांबला नाही. हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

थर्स्टन मिस्त्री नकाशांच्या खोलीत होता. त्या खोलीची जमीनच त्यांचा कागद. गुळगुळीत गिलाव्यावर कमानी, खिडक्या, खांबांचे आकार खऱ्या मापात कोरलेले, जुन्यांवर नवे, इतके की नवख्याला नुसत्या मांजराच्या ओरखड्यांसारखे दिसावेत. मिस्त्री गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन मोठ्या कंपासने काहीतरी आखत होता. वायमंडने दार लोटून घेतलं आणि शिंपल्याचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

मिस्त्रीने तो तुकडा उचलून उलटा करून पाहिला.

"उत्तरेच्या अंगाचा?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे तूपण बघतोयस."

"ईस्टरपासून. तुम्ही?"

"नऊ वर्षं झाली."

बसायला जागा नव्हती, वायमंड जमिनीवर कोरलेल्या एका जुन्या खिडकीच्या रेघांवर बसला. मिस्त्री बोलू लागला आणि थांबेना. त्या खांबाचा अर्धा पाया पाडलेल्या जुन्या चर्चच्या भिंतीवर होता, अर्धा नव्या भरावावर. जुनी भिंत उपटायची मेहनत वाचवायला तेव्हाच्या मिस्त्रीला थर्स्टननेच पटवलं होतं. तेव्हा शाबासकी मिळाली होती. आता एक बाजू खचत होती, असं त्याचं म्हणणं. एक शिंपला तडकला की तो दुसरा लावायचा, आणि दरवर्षी देवाचं नाव घेऊन बघायला जायचा.

"पायामुळे नाही ते," वायमंड म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. थंडी, गवत, पीठ झालेला चुना, दोन बोटं खरवडलेले सांधे. शेण कुठे गेलं, तेही.

"कांद्यांना?"

"कांद्यांना."

मिस्त्रीला हसू आलं, पण ते अर्ध्यातच राहिलं. दोष नेमका कुणाचा, पायाचा की थराचा, की दोघांनी मिळून त्या खांबाची वाट लावली, हे आता खांब उकलल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं. मग मिस्त्री जमिनीवरच्या रेघांकडे बघत म्हणाला, "ती खाट तुला का मिळाली, ठाऊक आहे?"

"तुम्ही शब्द टाकलात."

"का टाकला?"

वायमंडने बाहीवरचा गिलावा झटकला.

"अख्ख्या कामावर ओळंबा घेऊन त्या खांबापाशी रेंगाळणारा तू एकटा. मला वाटलं, तू वरून उतरलास की बघणारं कुणी उरणार नाही. घंटा चढेल. माझेही दिवस निघून जातील."

वायमंडने स्वतःच्या मनात राग शोधला. रागवायला हवं होतं, एवढं त्याला कळत होतं. ज्या मेहेरबानीचं त्याने गावभर कौतुक सांगितलं ती मेहेरबानी नव्हतीच. पण रागवायला अंगात जोर लागतो, आणि तो कुठल्या कुठल्या शिड्यांवर सांडून आला होता. शिवाय तो स्वतः काय मोठा साव लागून गेला होता?

"गप्प बसलो तर?" मिस्त्री हळूच म्हणाला. "शंभर वर्षंही उभा राहील. असे खांब राहतात."

राहतात, हे वायमंडलाही माहीत होतं. त्याने ती खाट डोळ्यांसमोर आणली. भिंतीची ऊब. सकाळी शिडी नाही. हवीसाने पाय लांब करून निजलेलं. मनाशी तो अगदी होकारापर्यंत आला होता, हे कबूल केलं पाहिजे.

"आश्रितांचं बाकडं त्या खांबाला टेकून आहे, मिस्त्री," तो म्हणाला. "हवीसा काल बसून बघून आली. म्हणाली, पाठीला फार बरं वाटतं."

मिस्त्रीने कंपास मिटला आणि उठायला वायमंडच्या खांद्याचा आधार घेतला.

मठाधिपती सर्दीने बेजार होते. दोघांचं ऐकून घेताना त्यांनी तीनदा नाक पुसलं. थर्स्टन म्हणे चूक माझी, पाया मी तसा ठेवायला लावला. वायमंड म्हणे नाही, थर माझा, चुना मी सडू दिला. दोघं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले तेव्हा मठाधिपतींनी हात वर केला. आपल्यापुढे आजवर आलेल्या प्रत्येक भांडणात माणसं चूक दुसऱ्यावर ढकलत होती, ते म्हणाले, हे नवीनच आहे, आणि आपल्याला ते जुन्यापेक्षा बरं वाटत नाही. मग त्यांनी विचारलं, किती वर्षं? खांबाभोवती टेकू उभे करून एकेक धोंडा बदलायचा तर सात, मिस्त्री म्हणाला. आठही लागतील. सडका थर कुठून कुठपर्यंत आहे हे कुणाला नक्की माहीत आहे? मठाधिपतींनी विचारलं, आणि ते व मिस्त्री दोघंही वायमंडकडे पाहू लागले.

मग काही उरलंच नाही, मठाधिपतींनी निकाल दिला. घंटा चढणार नाही. बाकडं त्याच दिवशी दक्षिणेकडे हलवावं. मिस्त्रीचं पद एका तरुण गवंड्याकडे जाईल, थर्स्टनने त्याच्या हाताखाली काम करावं. आणि ज्याने देवाचं काम सडवलं त्याला देवाच्या घरची खाट देता येत नाही, शिवाय त्याच्याशिवाय खांब उकलताही येणार नाही, तेव्हा वायमंडने खांब पुरा होईपर्यंत कामावर राहावं. खाट मुदपाकखान्यातल्या एका जुन्या आचाऱ्याला गेली.

घरी वायमंडने एवढंच सांगितलं, की त्या खांबात माझ्या हातची खोट आहे, खाट गेली. हवीसाने का, कसं, काही विचारलं नाही. तीन दिवस ती बोललीच नाही. आश्रयगृहात कोंबड्या चालत नाहीत म्हणून तिने आपल्या चारही कोंबड्या बहिणीला देऊन टाकल्या होत्या. चौथ्या दिवशी ती जाऊन त्या परत मागून घेऊन आली. तीनच मिळाल्या.

ऑक्टोबर उजाडला. गवंडी गावी गेले. घंटा चर्चच्या मधोमध गवतात बसून होती आणि तिला वळसा घालून लोक प्रार्थनेला जात होते. मनोऱ्याच्या अर्धवट भिंती झाकायचं काम तेवढं उरलं होतं. दरवर्षीसारख्या गावातल्या बायका अंगणात शेण तुडवायला आल्या, आणि त्यांच्यात हवीसा होती. कंबर दुखत असून आली होती. दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या, ती एकटीच काठीवर भार देऊन खळग्यात तुडवत राहिली. वायमंड टोपली घेऊन जवळ उभा राहिला. आता नाही सांगितलं तर पुढची आठ वर्षं सांगणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"त्या खांबाला एक गाडी शेण कमी पडलं होतं," तो म्हणाला.

"बरं मग?"

"ती गाडी तुझ्या बापाच्या कांद्यांत गेली. मी नेली. लग्नाआधीच्या हिवाळ्यात."

हवीसाचे पाय थांबले. घोट्यापर्यंत शेणात ती तशीच उभी राहिली. कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारली, त्यामुळे कपाळालाही शेण लागलं.

"त्या वर्षीचे कांदे मुठीत मावत नव्हते," ती सावकाश म्हणाली. "बाप सगळ्यांना दाखवत सुटला होता. म्हणायचा, हा माणूस कामाचा आहे."

"म्हणून तर हो म्हणाला तो."

"तो हो म्हणाला." ती खाली शेणाकडे बघत होती. "आणि मला विचारायला तुला काय झालं होतं रे? मी माझं बोचकं बांधून ठेवलं होतं. मायकेलच्या सणापासून बांधून ठेवलं होतं. बाप नाही म्हणाला असता तरी आले असते."

वायमंडने टोपली खाली ठेवली. चौतीस वर्षं त्याला वाटत होतं, की चूक झाली खरी, पण तिच्यामुळे ही बाई मिळाली. तेवढ्या एका आधारावर त्याने ती चूक पोसली होती. आता तोही काढून घेतल्यासारखं झालं. डोळे भरून आले ते त्याने लपवले नाहीत.

हवीसा पुन्हा तुडवू लागली. चांगलं मळून झाल्यावर तिने दोन्ही हातांनी शेण त्याच्या टोपलीत भरलं. एरवी भरायची त्याहून जास्त.

"ने वर," ती म्हणाली. "आणि वायव्येच्या कोपऱ्याला दोन हात दे."

तो टोपली खांद्यावर घेऊन शिडीपाशी गेला. ती काठी टेकत मागून आली आणि शेणाच्या हातांनी तिने शिडीचे दोन्ही पाय धरले. सतराव्या पायरीवर तो थांबला. खाली ती शिडी धरून उभी राहिली. गुडघे शांत झाले, मग त्याने अठरावी पायरी धरली.